गुडघाभर दलदल

देवमन तायडे सासरी अकोल्याला आला की त्याचा मेहुणा धर्मपाल याच्या ओसरीवर गल्लीतली दहा-बारा माणसं आपोआप जमायची. देवमन मेळघाटात नाकेदार होता. अंगात जंगल खात्याचा खाकी कोट, खांद्यावर कुऱ्हाड आणि सात-आठ मैलांचं रान एकट्याच्या हवाली. अशा माणसाकडून लोकांची अपेक्षा फार नसते. त्यानं वाघाची गोष्ट सांगावी, तीत निदान एक माणूस मरावा, आणि चहा थंड व्हायच्या आत ती संपावी.

देवमन या कामी अगदीच नालायक निघाला.

"जवाईबापू, औंदा वाघ पायला का?" धर्मपाल विचारायचा.

"पायला न."

"मंग?"

"मंग काय? त्यानं मले पायलं, अन् गेला."

"कुठी गेला?"

"त्याच्या कामाले."

लोक चहा पिऊन उठून जायचे. धर्मपालला चारचौघांत मान खाली घालावी लागायची. तो कचेरीत कारकून होता. दिवसभर फायलींना दोरे बांधायचे आणि शनिवार आला की सायकल टॉकीजकडे वळवायची. त्यातही त्याला प्रेमाचे, रडण्याचे, देवादिकांचे पिक्चर चालत नसत. त्याला हवं जंगल. शहरातली सात-आठ माणसं रानात हरवली पाहिजेत आणि एकेक करून खपली पाहिजेत. कोणाला वाघानं न्यायचं, कोणाला वेलीनं गळा आवळून मारायचं. 'डरने की कोई बात नहीं' असं जो म्हणेल तो मध्यंतराच्या आत गेलाच म्हणून समजा. असे पिक्चर धर्मपालनं इतके पाहिले होते की मेळघाटातल्या नाकेदाराला तो जंगल शिकवायचा.

"जवाईबापू, तुमी तिथं रायता, पण तुमाले जंगल काय मालूम? एक डाव पिक्चरमदलं जंगल पाहा, मंग कळन."

"पैसे देऊन भेव घेता काय रे तुमी?" देवमन हसायचा. "आमच्या इकडी फुकट भेटते, तरी कोनी घेत नाई."

त्यावर त्याची बायको पंचफुला आतून म्हणायची, "त्यायले भेव मालूमच नाई. दोन-दोन दिवस एकटे गस्तीवर असतात." हे ती अभिमानानं म्हणायची, आणि देवमन त्या वेळी नेमका चहाच्या कपात बघत असायचा. सरकारी नोकर असल्यामुळे त्याचं शौर्य कोणी तपासून पाहिलं नव्हतं.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात मुंबईहून सिनेमावाले मेळघाटात उतरले. तीन मोटारी, दोन ट्रक आणि एक पिंजरा. सिपना नदीच्या काठी त्यांनी तंबू ठोकले आणि रेंजरसाहेबांनी देवमनला महिनाभर त्यांच्या दिमतीला दिलं. पिक्चरचं नाव होतं 'सात लापता'. विमान पडतं, सात माणसं जंगलात हरवतात, पुढचं धर्मपालला विचारा.

डायरेक्टर दलवानीसाहेब बुटके होते आणि झाडांच्या सावलीतही काळा चष्मा काढत नसत. पहिल्या दिवशी ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"ये जंगल है?"

"हाव साहेब."

"इतना साफ?"

साग पानं गाळत होता. ऊन थेट जमिनीपर्यंत पोचत होतं, आणि जंगल एखाद्या टकल्या माणसासारखं प्रामाणिक दिसत होतं. दलवानीसाहेबांनी कान टवकारले.

"और ये आवाज क्यों नहीं करता?"

"दुपारच्या टायमाले नाई करत, साहेब."

"तो फिर पब्लिक को डर कैसे लगेगा?"

याचं उत्तर खात्याच्या नियमावलीत नव्हतं.

मग जंगलाची डागडुजी सुरू झाली. ट्रंकांतून हिरवा रंग दिलेले दोरखंड निघाले, ते वेली म्हणून सागाला लटकवले गेले. प्लास्टरच्या चौदा कवट्या निघाल्या. त्या मांडता मांडता देवमनच्या मनात आलं, एवढी माणसं खरंच आपल्या हद्दीत मेली असती तर जबाब देता देता पेन्शनीचं वय झालं असतं. पिंजऱ्यातला वाघ सर्कशीतला होता. त्याचं नाव शहेनशाह, दात मोजून दोन. त्याला खिमा आणि दूध लागायचं. झाडावर वानर खेकसलं की शहेनशाह पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसायचा. "डरकाळी मुंबईत भरू," असं दलवानीसाहेब म्हणाले.

गोष्टीत जंगली लोकही होते. म्हणून देवमननं पलीकडच्या पाड्यावरच्या मुंगीलाल कास्देकरला निरोप धाडला. मुंगीलाल कोरकू, वयानं साठीचा, आणि त्या रानातली प्रत्येक वाट त्याच्या पायाखालची. फोटो काढणार म्हटल्यावर तो वीस माणसं घेऊन आला. सगळ्यांनी धुतलेली धोतरं नेसली होती, डोक्याला तेल लावलं होतं. दलवानीसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"ये तो जंगली लगते ही नहीं!"

अखेर परतवाड्याहून पंधरा पोरं आणली. त्यांच्या अंगाला काजळी फासली, डोक्यात कोंबडीची पिसं खोवली आणि हातात भाले दिले. ती 'हू हू' करत नाचू लागली तेव्हा मुंगीलालनं देवमनला विचारलं, "हे कोन लोक होय?"

"हे तुमी होय."

"आमी?" मुंगीलालनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मंग पाड्यावर जाऊन सांगा लागन. आमाले मालूम नव्हतं."

सगळ्यात मोठी अडचण दलदलीची होती. सातांतला जाडा शेठ दलदलीत बुडून मरायचा होता.

"दलदल किधर है?"

"नाई साहेब. इथं प्यायले पानी नाई, दलदल कुठून असन?"

मग नदीकाठी दलदल खणायचा हुकूम झाला. देवमन आणि दोन मजूर दिवसभर खणत राहिले. गुडघाभर खोल गेल्यावर खडक लागला. सुरुंग लावायची परवानगी रेंजरसाहेब देईनात, त्यामुळे दलदल गुडघाभरच राहिली. तीत काळी माती, लाकडाचा भुसा आणि पाणी कालवलं. शेठचं काम करणारा नट आधी उभा राहिला, मग गुडघ्यांवर बसला, मग मांडी घातली, आणि शेवटी आडवा होऊन त्यानं फक्त हनुवटी वर ठेवली. असा तो तीन दिवस बुडत होता. त्याला थंडी वाजू नये म्हणून पंचफुला जवळच्या सरकारी क्वार्टरमधून बादल्या भरून गरम पाणी आणून दलदलीत ओतायची. तेवढ्यात तो वर बसून विडी ओढून घ्यायचा.

"याच्यापाई तुमचा साळा सायकल दामटत जाते?" पंचफुलानं नवऱ्याला विचारलं.

"जाऊ दे. शहानी मानसं कचेरीतच असतात."

आणि तिसऱ्या आठवड्यात हिरो खरोखर हरवला.

हिरोचं नाव त्या काळी मोठं होतं, ते इथं घ्यायला नको. सकाळी नऊला तो टमरेल घेऊन बांबूच्या बेटामागे गेला. तंबूत दोन बाया होत्या म्हणून लाजेनं आणखी थोडा पुढं गेला. ज्या माणसानं पडद्यावर हातांनी वाघ फाडले त्याला परतीची वाट सापडली नाही. दहा वाजले, बारा वाजले. लोकांनी हाका मारल्या, कर्णा वाजवला. दलवानीसाहेबांना फार काळजी लागली. दिवस हातचा चालला होता आणि त्या दिवशीचे चार शॉट बाकी होते.

देवमन मात्र ओरडला नाही. मऊ मातीत उमटलेल्या मुंबईच्या बुटांमागे तो चालत राहिला. बूट एका नाल्याभोवती गोल गोल फिरले होते. पाच फेऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या प्रहरी त्याला हिरो दिसला. मोहाच्या झाडाला पाठ लावून, टमरेल दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बसला होता.

"साहेब, काय झालं? जनावर आलतं का?"

हिरोनं मान हलवली. ओठ सुकून चिकटले होते. "कोई नहीं आया," तो म्हणाला. "इतना चिल्लाया... कोई नहीं आया. एक चिड़िया ने भी मेरी तरफ नहीं देखा." आणि सिनेमात कधी रडला नव्हता तसा, नाक गळेपर्यंत रडला.

देवमननं आपली पाण्याची कातडी पिशवी त्याच्या हातात दिली आणि स्वतः पाठ करून उभा राहिला. रडणं संपल्यावर त्यानं खांद्यावरचा दुपट्टा तोंड पुसायला दिला. तंबूवर आल्यावर सगळे खदाखदा हसले. देवमन म्हणाला, "साहेब जागा पाहाले गेलते." यावर कोणाचा विश्वास बसला नाही, पण सरकारी माणूस बोलतोय म्हटल्यावर हसणं थोडं आवरलं.

दलवानीसाहेबांना या प्रकरणात पिक्चरचा वास आला. "शेर देखा?" त्यांनी विचारलं.

"नहीं."

"साँप?"

"नहीं."

"तो डरे किससे?"

हिरोला सांगता येईना. दलवानीसाहेबांनी वही मिटली. "किसी काम का नहीं," ते देवमनकडे वळून म्हणाले. "पब्लिक टिकट लेती है, भाई. कुछ तो आना चाहिए."

देवमनला वाटलं, हा माणूस अडाणी आहे.

पुढच्या वर्षी 'सात लापता' अकोल्याला लागला. आपल्या जवायानं काम केलेला पिक्चर म्हटल्यावर धर्मपाल कचेरीत चार इंच उंच झाला होता. त्यानं पत्रावर पत्र टाकली. शेवटी देवमन आणि पंचफुला परतवाड्याहून एस. टी. धरून आले, आणि रविवारी तीनच्या खेळाला सगळं घर निघालं. धर्मपालची आई भागीरथाबाईसुद्धा नवं लुगडं नेसून तयार झाल्या, जणू जावयाचा सत्कारच होता. टॉकीज भरून वाहत होती. जिनिंगमधले मजूर, कॉलेजची पोरं, लेकरं काखोटीला मारलेल्या बाया, सगळे घाम पुसत स्वखुशीनं भ्यायला आले होते.

धर्मपालनं मागच्या-पुढच्या दोन्ही रांगांना माहिती पुरवायला घेतली. "ते झाड दिसून राह्यलं न, ते आमच्या जवाईबापूच्या हद्दीतलं. आता दलदल येईन, ते त्यायनंच खंदली."

देवमन मिशीत हसत ऐसपैस बसला होता. त्याला सगळंच ठाऊक होतं. सागाला दोर दिसले की तो पंचफुलाला कोपरानं ढोसायचा. कवट्या आल्या तेव्हा त्यानं त्या मोजल्या. दोन कमी भरल्या. शहेनशाह आला आणि मुंबईत भरलेली डरकाळी टॉकीजभर घुमली तेव्हा बायांनी पदर तोंडात कोंबले, आणि देवमन मोठ्यानं म्हणाला, "त्याले दोन दात हायेत!" मागून कोणीतरी "अबे, चूप बस न!" असं खेकसलं.

पण मग काय झालं ते त्यालाही नीट कळलं नाही. पडद्यावर सातांचे पाच झाले होते. शेठ मागं पडला होता. बाकीच्यांना हाका मारत तो एकटाच रानातून धडपडत होता, आणि रान तेच होतं. तोच नदीचा काठ, तीच मोहाची रांग. हाक जात होती आणि परत येत नव्हती. देवमनचा हात मिशीवरून खाली आला. शेठचा पाय मातीत गेला. गुडघा गेला. कंबर गेली. टॉकीजमध्ये सहाशे माणसांनी श्वास रोखून धरला होता, आणि तो रोखलेला श्वास देवमनला मानेवर जाणवत होता. शेठची छाती गेली. त्यानं एक हात वर केला.

"अरे, हात द्या त्याले!" देवमन खुर्चीवरून उठून बोंबलला. "कोनी तं हात द्या! मरून राह्यला तो!"

टॉकीज हसण्यानं फुटली. धर्मपाल खुर्चीत शक्य तितका खाली घसरला. ज्यानं ती दलदल स्वतःच्या कुदळीनं खणली, ज्याच्या बायकोनं तीत गरम पाणी ओतलं, तो माणूस पडद्याकडे हात लांबवून उभा होता. पंचफुलानं त्याच्या कोटाला धरून त्याला खाली ओढलं. पुढचा अर्धा तास त्यानं तिचा हात सोडला नाही. चारचौघांत नवऱ्यानं हात धरायचा तो काळ नव्हता. पण अंधारात कोण बघतंय?

खेळ सुटल्यावर धर्मपाल ओळखीची माणसं टाळत आईला घेऊन पुढं निघून गेला. देवमन आणि पंचफुला टॉकीजसमोरच्या हॉटेलात बाकड्यावर बसले. भज्यांची बशी समोर आली, पण देवमननं हात लावला नाही.

"काहून ओरडले?" पंचफुलानं विचारलं. "ते दलदल तुमच्या गुडघ्याएवढी होती."

"मालूम हाय मले."

"मंग?"

तो रस्त्यावरच्या सायकलींकडे बघत म्हणाला, "आपलं लग्न झालं, नवीनच तिकडी गेलतो. श्रावणात मी दोन दिवस गस्तीवर होतो. ध्यानात हाय?"

"हाय न. रेंजरसायबानं वाहवा केली होती."

"गस्त नव्हती ते. मी हरवलो होतो."

तो सांगत गेला. आभाळ भरलेलं, सूर्य नाही, दिशा नाही. एका गव्याच्या मागावर गेला आणि वाट सुटली. दोन दिवस तो हाका मारत फिरला. झाडाच्या खोडाशी बसून मेलेल्या आईला हाका मारल्या. घसा बसला तेव्हा कुऱ्हाडीनं खोडावर ठोकत राहिला, निदान आवाज तरी व्हावा म्हणून. शेवटी बाहेर निघाला तो आपल्याच क्वार्टरच्या मागं, अर्ध्या मैलावर. डायरीत त्यानं लिहिलं 'गस्त', आणि तेव्हापासून तो शूर झाला.

"वाघ आलता?" पंचफुलानं विचारलं.

"नाई. तेच तं सांगून राह्यलो. वाघ आला अस्ता तं बरं वाटलं अस्तं. कोनीच नाई आलं. त्या रानाले मी हावो का नाई, काई फरकच नाई." त्यानं एक भजं उचललं आणि परत ठेवलं. "पिक्चरात बरं हाय. काई तरी येते. अन् मानूस मराले लागला तं सहाशे मानसं पाहून राहतात. इतक्या लोकायच्या मंधी भ्यालो न, बरं वाटलं मले."

पंचफुला भजं खात होती. ते संपवलं, बोटं पुसली.

"त्या दोन दिवसांत म्या चूल नाई पेटवली," ती म्हणाली.

"काहून?"

"भेव वाटे. धूर पाहून काई येईन म्हनून. दाराले जातं लावून, हातात मुसळ घेऊन बसली होती. मुताले बी बाहीर नाई गेली."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी आले अन् म्हनले, गस्तीवर होतो. म्हटलं, आपला नवरा इतका शूर, त्याले काय सांगा आपलं भेव?" तिनं बशी त्याच्याकडे सरकवली. "लेकाचे, सहा वर्सं झाले! सहा वर्सं मी एकटीच भेकड हावो म्हनून जगून राह्यली."

देवमनला हसू आलं आणि ते थांबेना. मग तीही हसली. हॉटेलवाला गल्ल्यावरून वाकून बघू लागला. त्यानं थोड्या वेळापूर्वी टॉकीजमधल्या वेड्या माणसाची बातमी ऐकली होती आणि हाच तो, अशी त्याची खात्री पटत चालली होती.

"सहाचा खेळ हाय न?" पंचफुलानं विचारलं.

"हाय. पण तेच हाय पुन्हा."

"म्हनूनच म्हनून राह्यली. मघा तुमी माहा हात इतका दाबला, मले नीट भेता नाई आलं."

त्यांनी सहाचा खेळ पाहिला. दलदल आली तेव्हा देवमननं दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवली होती, त्यामुळे तो बसून राहिला. पंचफुला मात्र शहेनशाहला पाहून अशी किंचाळली की शेजारचं लेकरू झोपेतून उठून रडायला लागलं. घरी आल्यावर धर्मपालनं तोंड वाकडं करून विचारलं, "पुन्हा ओरडले काय?"

"अक्का ओरडली तुई," देवमननं अभिमानानं सांगितलं.

त्यानंतर अकोल्याला किंवा अमरावतीला जंगलाचा पिक्चर लागला की देवमनचा रजेचा अर्ज रेंजरसाहेबांच्या टेबलावर पडू लागला. कारण ठरलेलं असे: सासू सख्त आजारी. चार वर्षांत भागीरथाबाई अकरा वेळा मरणाच्या दारी जाऊन आल्या. रेंजरसाहेबांनी एकदा त्यांच्या प्रकृतीसाठी गुरुकुंज मोझरीच्या एका वैद्याचा पत्ता कळकळीनं लिहून दिला, आणि देवमननं तो गंभीर चेहऱ्यानं खिशात ठेवला.

भागीरथाबाई ठणठणीत होत्या. दर खेळाला त्या लेक-जावयाच्या मधोमध बसायच्या, मांडीवर शेंगदाण्यांची पुडी उघडायच्या आणि अख्ख्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "आता कोन मरन वो?"

"गप बसा मामी," देवमन पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा. "काई तरी येऊन राह्यलं."